वळणात उचललेला पाय

माझा भाऊ लेआर्को खुर्चीत कधी रेलून बसला नाही. जेवतानाही पुढे सरकलेला, दोन्ही तळवे फरशीला टेकवलेले. आई म्हणायची, "हा बसत नाही, बसल्या जागेची चौकशी करतो." पुढे त्याच चौकशीवर त्याचं पोट भरलं.

पानारो नदीच्या काठी, स्पिलांबेर्तोच्या अलीकडे, इंजिनिअर फियांद्रींचा कारखाना होता. कारखान्यालाही नदीचंच नाव. वर्षाकाठी मोजक्याच गाड्या बाहेर पडायच्या, पण त्या घेणारे लोक आपला नंबर यायची वाट बघत बसायचे. मी तिथे सीटा शिवायची. गाडी तयार झाली की गिऱ्हाईकाच्या हातात जाण्याआधी लेआर्को ती सेर्रामाझ्झोनीच्या घाटात नेऊन तिच्या टोकापर्यंत चालवायचा. टोक म्हणजे टायर रस्ता सोडतात ती जागा. "त्याच्या अलीकडे सगळ्याच गाड्या सभ्य असतात," तो म्हणायचा. "माणूस कसा आहे ते भांडणात कळतं, गाडी कशी आहे ते तिथे कळतं."

माझं आणि त्याचं रोजचं भांडण सीटांवरून.

"झेलिंडा, हे काय, सोफा शिवलायस?"

"गिऱ्हाईकाच्या पाठीला जरा बरं वाटावं म्हणून."

"गिऱ्हाईकाची पाठ राहू दे. मला मागची चाकं ऐकू येत नाहीत."

"चाकं काय ढुंगणाने ऐकतात?"

"मग कशाने ऐकतात?"

सगळा कारखाना हसला. वेल्डिंगवाला ओतेल्लो तर तोंडावरची काळी काच वर करून हसला. पण मी दोन बोटं फोम काढून टाकला, आणि संध्याकाळी लेआर्को घाटातून परत आला तेव्हा माझ्या मशीनवर चेरींची पुडी ठेवून गेला. असा तो.

अडुसष्ट साली फियांद्रींनी नवी गाडी काढली. तोवर आमच्या गाड्यांचं इंजिन पुढे असायचं. या गाडीचं इंजिन चालवणाऱ्याच्या पाठीशी, मी शिवलेल्या सीटमागच्या पत्र्याला लागून. कारखान्यात तिला सगळे फाइना म्हणू लागले. फाइना म्हणजे आमच्याकडचं मुंगसासारखं जनावर, रात्री खुराड्यात शिरून कोंबड्या नेणारं. दिसायला देखणं, पण हातात धरलंत तर चावल्याशिवाय राहत नाही.

पहिल्यांदा ती घाटातून चालवून आला तेव्हा लेआर्कोचा चेहरा मला आठवतो. लग्नाच्या वरातीतून आल्यासारखा. "वळणात शिरते कशी माहितीये? तू मनात आणतेस आणि ती तिथे असते." इंजिन मधोमध असल्याने गाडीचं सगळं वजन एका जागी गोळा झालेलं. भोवऱ्यासारखी वळायची. पण भोवऱ्याला एक खोड असते, तो फिरायला लागला की थांबत नाही. जोराच्या वळणात असताना अचानक अॅक्सिलरेटरवरून पाय उचलला, की वजन पुढे झुकायचं, मागची चाकं हलकी व्हायची, आणि त्यातच मागची चाकं किंचित बाहेरच्या बाजूला तोंड फिरवायची. मग शेपूट पुढे यायचं. इतर गाड्या आधी सांगतात. स्टीअरिंग हातात हलकं लागतं, टायर ओरडतात, नाक वळणाबाहेर जायला लागतं. ही काही सांगत नव्हती. धरून ठेवायची, धरून ठेवायची, आणि सोडायची.

आमचे वडील नदीतली रेती खेचराच्या गाडीवरून वाहायचे. लेआर्कोने फियांद्रींना सांगितलं, "साहेब, वडलांचं खेचर लाथ मारायचं, पण आधी कान मागे पाडायचं. हिला कानच नाहीत."

फियांद्रींना हे कळत नव्हतं असं नाही. शिकलेला, बारीक नजरेचा माणूस. त्यांनी स्वतः कागदावर काढून दाखवलं की मागच्या चाकाला धरणाऱ्या दांडीचं टोक गाडीच्या सांगाड्याला जिथे जोडलंय ते थोडं खाली घेतलं आणि सांध्यातला रबराचा बुश कडक केला तर चाकं बाहेर तोंड फिरवणार नाहीत. पुढच्या दोन चाकांना जोडणारा दांडा जाड केला की नाक आधी घसरेल, म्हणजे गाडी आधी बोलेल. "पण लेआर्को," ते म्हणाले, "मग ती वळणात अशी शिरेल का?"

"नाही शिरणार, साहेब."

"तुला कशी हवी?"

आणि माझा भाऊ गप्प बसला. हे त्यानेच मला नंतर सांगितलं, एकदा नव्हे, कितीतरी वेळा. खरं उत्तर त्याला माहीत होतं आणि ते त्याला द्यायचं नव्हतं. त्याच्या हातात ती गाडी सुंदर होती. शेपूट सुटायच्या आधी त्याचे हात उलटं स्टीअरिंग देऊन मोकळे झालेले असायचे. एवढी जिवंत गाडी त्याने आयुष्यात चालवली नव्हती. शेवटी म्हणाला, "मागचे टायर रुंद लावा. ज्याला चालवता येतं त्याच्यासाठी ठीक आहे."

रुंद टायर लावले. गाड्या विकल्या गेल्या.

त्यातली एक सास्सुओलोच्या नेल्लो प्राम्पोलिनींनी घेतली. फरशांची भट्टी होती त्यांची. कामगाराचा मुलगा, स्वतःच्या हिमतीवर वर आलेला, गोल पोटाचा, मोठ्याने बोलणारा. गाडी कुठवर आली बघायला दर आठवड्याला यायचे आणि चीजचा मोठा तुकडा सगळ्यांत वाटायचे. सीट बेतायला मी त्यांची कंबर मोजली तर म्हणाले, "झेलिंडाबाई, जरा ढिली शिवा. गाडी येईपर्यंत मी अजून वाढेन." लेआर्कोने त्यांना गाडी दाखवली, घाटात नेऊन आणलं, सांगितलं, "वळणात पाय उचलू नका. काही झालं तरी उचलू नका." ते म्हणाले, "नाही उचलणार, मास्तर."

पुढच्या सप्टेंबरात, रविवारी दुपारी, पावुल्लोच्या पलीकडे एका उजव्या वळणात त्यांची गाडी रस्ता सोडून चेस्टनटच्या झाडावर आडवी आदळली. रस्ता कोरडा, आभाळ स्वच्छ. ते जागीच गेले. गाडीत दुसरं कोणी नव्हतं.

लेआर्को सोमवारी सकाळी तिथे गेला. मी त्याच्यासोबत होते, कारण त्याचा चेहरा बघून त्याला एकटं सोडवेना. वळणाच्या मध्यावर शेतातून रस्त्यावर येणारी गाडीवाट होती आणि तिथे डांबरावर ताजी माती पडली होती, ट्रॅक्टर बाहेर निघाला की पडते तशी. त्याच्या अलीकडे टायरांच्या काळ्या रेघा. लेआर्को त्या रेघांच्या कडेकडेने खाली वाकून चालत गेला. पुढे जाऊन उभा राहिला. मग परत आला आणि पुन्हा चालला.

"ब्रेकच्या रेघा कुठायत?" मी विचारलं.

"ब्रेक लावलेलाच नाही. ब्रेकपर्यंत पाय पोचायच्या आत ती फिरली." तो झाडाकडे बघत होता. "ट्रॅक्टर दिसला. त्यांनी पाय उचलला."

"तू त्यांना सांगितलं होतंस ना?"

"भीती वाटली की पाय उचलतोच माणूस, झेलिंडा. तूही उचलशील. पाद्रीही उचलेल. माणसाला ते सांगून थांबवता येत नाही. ही गोष्ट मला माहीत होती."

गावात मात्र वेगळंच बोललं जात होतं. प्राम्पोलिनी दुपारी जेवायला एका खानावळीत थांबले होते. लाम्ब्रुस्को वाईन प्यायले असणार, पोट बघा त्यांचं. पन्नाशीला आलेल्या माणसाला हे नखरे कशाला? अंत्यसंस्काराला मी मागच्या बाकावर होते. माझ्या पुढच्या दोन बायका कुजबुजत होत्या की बायकोला सोडून एकटाच कुठे निघाला होता रविवारचा, देवाला ठाऊक. त्यांची बायको इओने ताठ उभी होती. दोन मुलं तिच्या दोन्ही बाजूंना, माना खाली घालून. दुःखापेक्षा शरमच जास्त होती त्या मानांमध्ये.

लेआर्को सरळ फियांद्रींच्या खोलीत गेला. दार उघडंच होतं, आवाज सगळ्यांना ऐकू येत होता.

"साहेब, सगळ्या परत बोलवा. मागची दांडी बदलायची."

"परत बोलावलं की गाडी खोटी होती असं सांगितल्यासारखं होतं. दुसऱ्या दिवशी बँक दारात येईल. या कारखान्यावर किती घरं जेवतात ते तुला माहीत आहे."

"माहीत आहे. माझंही जेवतं."

"मग?"

"मग ती गाडी खोटीच आहे."

मग फियांद्री हळू आवाजात म्हणाले, "यापुढच्या गाड्यांत बदल करतो. आजपासून. जुन्यांबद्दल मी कुठे काही लिहून देणार नाही. कोठारातून काही बुश, काही दांड्या कमी झाल्या तर मी मोजायला जाणार नाही. यापेक्षा जास्त माझ्याकडून मागू नकोस."

लेआर्कोने तेवढंच घेतलं. कारखान्याच्याच दोन फाइना फियांद्रींनी त्याला वापरायला दिल्या. ओतेल्लोने रविवारी आपल्या पडवीत त्यातल्या एकीला, दांडी खाली घ्यायला, नव्या पट्ट्या वेल्ड केल्या, बायको चर्चमधल्या मासला ओढत असतानाही. पण बदल बरोबर झालाय की नाही हे बघायचं तर एक अडचण होती. ती लेआर्कोने मला आमच्या स्वयंपाकघरात सांगितली.

"मी चालवून उपयोग नाही. माझे हात मला न विचारता सावरतात. मला असा माणूस हवा जो घाबरेल."

"मग ओतेल्लोला ने."

"ओतेल्लो घाबरला तरी कबूल करणार नाही. तू चल."

मी आयुष्यात छोटी फियाट सोडून काही चालवलं नव्हतं, तीही सीटा पोचवायला. पण गेले. सैन्याची एक जुनी धावपट्टी होती, सिमेंटच्या फटींतून गवत आलेली. कुठेही आपटायला झाड नाही, भिंत नाही. त्याने पिंपं ठेवून मोठं वर्तुळ आखलं. आधी न बदललेली गाडी. तो शेजारी बसला, हात मांडीखाली दाबून, कारण त्याचा स्वतःच्या हातांवर भरवसा नव्हता.

"गोल फिरत राहा. वेग वाढव. अजून. भीती वाटली की मनाला येईल ते कर."

वेग वाढत गेला तशी माझी मान एका बाजूला ओढली जाऊ लागली. स्टीअरिंग दगडासारखं घट्ट. गाडी रस्त्याला शिवून टाकल्यासारखी. मला वाटलं, ही तर किती शहाणी आहे. अजून थोडं. आणि मग एकदम भीती वाटली, का ते कळलं नाही, आणि मी पाय उचलला. त्यानंतरचं मला नीट सांगता येणार नाही. धावपट्टी माझ्या खिडकीतून आडवी गेली, मग आभाळ, मग आम्ही ज्या दिशेने आलो होतो तीच दिशा समोर. गाडी उलट्या तोंडाने सरकत होती आणि माझे दोन्ही हात अजून स्टीअरिंगला तसेच चिकटलेले. मी काही म्हणजे काहीच केलं नव्हतं. त्या घाटात झाडाच्या ऐवजी हीच धावपट्टी असती तर प्राम्पोलिनी हसत खाली उतरले असते.

मी दार उघडून गवतावर ओकले. लेआर्को पाण्याची बाटली धरून उभा राहिला. "माफ कर," म्हणाला. मला वाटतं ते तो माझ्याशी बोलत नव्हता.

मग बदललेली गाडी. मी नाही म्हणाले, तरी बसले. तेच वर्तुळ, तोच वेग. आता वेग वाढला तसं स्टीअरिंग हातात हलकं, पोकळ लागायला लागलं. पुढचे टायर कण्हायला लागले, नाक वर्तुळाच्या बाहेर जायला बघू लागलं. मी घाबरले आणि पाय उचलला. नाक आत आलं, शेपूट जरासं हललं आणि बसलं, गाडीचा वेग कमी झाला. एवढंच.

"काय वाटलं?" त्याने विचारलं.

"आधी कुरकुरते. मग ऐकते."

"तुझ्यासारखी."

"गप बस. पण लेआर्को, ती पहिली जास्त..."

"हो," तो म्हणाला. "जास्त होती."

मग आम्ही गाड्यांमागे लागलो. लेआर्कोने फोन करायचे, कारखान्याकडून सीटा नव्याने शिवून मिळताहेत, गाडी दोन-चार दिवस द्या. फुकटची शिवण कोण सोडतो? गाडी आणायची, मी सीटा उसवायच्या आणि पुन्हा शिवायच्या, ओतेल्लोने पट्ट्या जोडायच्या, लेआर्कोने घाटात नेऊन बघायचं. बोलोन्याचा एक वकील म्हणाला, "सीटा छान झाल्या, पण गाडी जरा आळशी झाली का हो?" लेआर्को म्हणाला, "नव्या सीटांमुळे वाटतं तसं." मला हसू आलं नाही. वर्षभरात एक सोडून सगळ्या झाल्या.

ती एक सेस्तोलाच्या डॉक्टर सेगींची. डोंगरातले जुने डॉक्टर. बर्फात, चिखलात, चाळीस वर्षं वाड्यावस्त्यांवर रोग्यांकडे गाडी घेऊन गेलेले. बायको वारल्यावर चेस्टनटची बाग विकून त्यांनी फाइना घेतली होती. फोनवर म्हणाले, "सीटा ठीक आहेत. गाडी देणार नाही." म्हणून आम्ही त्यांच्याकडे गेलो.

त्यांनी आम्हाला घरच्या अक्रोडाची दारू दिली आणि लेआर्कोकडे रोखून बघितलं. "सीटांसाठी कोणी डोंगर चढून येत नाही. तिच्या मागच्या चाकांबद्दल आलाय ना तुम्ही? ती सोडते तेव्हा न सांगता सोडते, मला माहीत आहे. त्यासाठीच मी तिच्यात बसतो. दिवसभर या घरात मी अर्धा झोपलेला असतो."

आतून फोन वाजला आणि ते उठून गेले. फोनवर कोणाच्या तरी पोराच्या तापाचं बोलणं चाललं होतं, लवकर संपेल असं वाटत नव्हतं. गाडी अंगणात उभी, किल्ली तिच्यातच. मी लेआर्कोला म्हणाले, "गाडी घे आणि चल. ओतेल्लोकडे नेऊ. परत आणून दिली की कळणार पण नाही यांना."

"त्यांना कळेल."

"मग कळू दे! जिवंत असतील तर शिव्या देतील!"

तो उठून गाडीपाशी गेला. दार उघडलं. आत बसला, त्याच्या त्या पुढे सरकलेल्या पद्धतीने, आणि स्टीअरिंगवर हात ठेवून तसाच राहिला. मग उतरला. डॉक्टर बाहेर आले तेव्हा तो त्यांच्यासमोर उभा राहून बोलला. सगळं. प्राम्पोलिनींच्या टायरांच्या रेघा, ट्रॅक्टरची माती. दांडी कुठे जोडायला हवी होती हे आधीपासून माहीत होतं, हेही. आणि विचारल्यावर 'ठीक आहे' असं आपणच म्हणालो होतो, हेही. आमच्या घराबाहेर हे त्याने पहिल्यांदा कोणाला सांगितलं.

डॉक्टरांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "हे त्या बाईंना सांगितलंत?"

"कोणाला?"

"प्राम्पोलिनींच्या बायकोला."

"नाही."

"माणूस प्यालेला होता असं इथवर ऐकू आलंय. डोंगरात इथवर." डॉक्टरांनी ग्लास खाली ठेवला. "मी आयुष्यभर लोकांच्या दारात उभं राहून वाईट बातम्या दिल्या. त्या देताना माझे पाय दर वेळी जड व्हायचे, पण न देता परतलो असं एकदाही झालं नाही. तुम्ही आधी तिकडे जा. मग या आणि गाडी घेऊन जा. मी अडवणार नाही."

घर आल्यावर लेआर्को म्हणाला, "फियांद्रींना आधी सांगायला हवं." दुसऱ्या दिवशी त्याने सांगितलं. ते म्हणाले, "तू कारखाना बुडवतोयस." तो म्हणाला, "असेल." ते म्हणाले, "मी तुला थांबवू शकत नाही, पण थांब असं सांगतोय." तो थांबला नाही.

इओने प्राम्पोलिनींनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या हाताला पीठ लागलेलं होतं. मला ओळखलं, सीटवाली म्हणून. आत बसवलं. लेआर्कोने उभ्यानेच सांगितलं. मध्ये एकदा अडखळला, तेव्हा त्याने पुन्हा तेच वाक्य पहिल्यापासून घेतलं. "त्यांची चूक नव्हती. त्यांच्या जागी कोणीही तेच केलं असतं. गाडी तशी होती, आणि ती तशी आहे हे मला माहीत होतं."

बाईंनी हात अॅप्रनला पुसले. बराच वेळ पुसत राहिल्या.

"तुम्ही हे रविवारी येऊन सांगा," त्या म्हणाल्या. "मुलं जेवायला येतात तेव्हा. त्यांच्यासमोर."

"येतो."

"आणि काही कमी करून सांगू नका."

रविवारी मी गेले नाही, मला बोलावलं नव्हतं. लेआर्को परतला तेव्हा त्याचा ओठ फाटलेला होता. थोरल्याने मारलं होतं. धाकटा उठून भट्टीकडे निघून गेला होता. बाईंनी थोरल्याला अडवलं नाही, आणि त्याचं मारून झाल्यावर म्हणाल्या, "ऐकलंत ना? तुमचे बाबा प्यालेले नव्हते." मग लेआर्कोला दार उघडून दिलं. त्यानंतर त्या माझ्या भावाशी कधी बोलल्या नाहीत. पण मला बाजारात एक बाई भेटली, ती सांगत होती की इओने आता चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसते आणि दोन्ही मुलांना नेते.

डॉक्टरांनी शब्द पाळला. गाडी बदलून झाल्यावर लेआर्कोने त्यांना शेजारी बसवलं, मग त्यांच्या हातात दिली. सेस्तोलाच्या चढावर एक चक्कर मारून ते म्हणाले, "मेली ही."

"हो, डॉक्टर."

"पण मी कधी कोणाला शेजारी बसवत नव्हतो. आता बसवीन म्हणतो."

प्राम्पोलिनींच्या थोरल्याने वकील केला. खटला फार पुढे गेला नाही, पण गोष्ट बाहेर फुटली आणि गिऱ्हाइकांनी नावं काढून घेतली. पुढच्या वसंतात फियांद्रींनी कारखान्याला कुलूप लावलं. शेवटच्या दिवशी ते दारात उभे राहिले आणि प्रत्येकाशी हात मिळवला, लेआर्कोशीसुद्धा. त्याच्याशी बोलले मात्र नाहीत. त्याने हे कधी मनाला लावून घेतलं नाही. "त्यांनी मला बुश घेऊ दिले होते," एवढंच म्हणायचा.

ज्यांची नोकरी गेली त्यांना ते एवढं सोपं नव्हतं. चौकात लोक आमच्याकडे बघून रस्ता बदलायचे. किराणा दुकानातल्या बाईने मला एकदा तोंडावर विचारलं, "मेलेला माणूस परत आला का?" सगळ्यात जास्त मनाला लागलं ते ओतेल्लोचं. रविवारचा मास बुडवून त्याने त्या पट्ट्या जोडल्या होत्या, आणि शेवटी त्याचीच चूल विझली. त्याला मोदेनाच्या ट्रॅक्टर कारखान्यात काम मिळालं, पहाटे बस धरून जावं लागायचं. बसथांब्यावर लेआर्को दिसला की तो पाठ फिरवायचा. मी त्याच्या बायकोला रस्त्यात हाक मारायची, ती मान हलवून पुढे जायची.

लेआर्कोला डोंगरातल्या डेअरीचं दूध गोळा करायचं काम मिळालं. टाकीत दूध हिंदकळतं, वळणात एकदम इकडचं तिकडे होतं, तिथेही सांभाळून जावं लागतं. पण तो त्याबद्दल कधी काही बोलला नाही. घाट तेच होते. पावुल्लोच्या पलीकडच्या त्या वळणातून तो रोज जायचा, सावकाश. मी मोटारीच्या सीटा सोडून सोफे शिवायला लागले. खरेखुरे सोफे.

अशी काही वर्षं गेली. आई वारली त्या हिवाळ्यात आम्ही तिच्या खोलीतलं मोठं कपाट खाली आणायला बघत होतो, आणि ते जिन्यात अडकलं. लेआर्कोची पाठ तोपर्यंत गेली होती. आम्ही दोघं कपाटाच्या दोन टोकांना, ना वर ना खाली, तेवढ्यात खाली दार वाजलं. ओतेल्लो होता. आईच्या अंत्यसंस्काराला आला होता, पण दुरून. आता आत आला, टोपी काढली, जिन्याकडे बघितलं.

"असं नाही निघायचं ते," तो म्हणाला. "मागची पट्टी काढा आधी."

लेआर्को म्हणाला, "पट्टी काढली तर बिजागरी मोडेल."

"तुला काय कळतं लाकडातलं? तू गप धर."

दोघांनी मिळून कपाट उतरवलं. मग ओतेल्लो आमच्या स्वयंपाकघरात बसला. मी सॉसेज कापलं, वाईन ओतली. तो खात होता, लेआर्को त्याच्यासमोर, तसाच पुढे सरकून. कारखान्याचं नाव कोणी काढलं नाही. बाहेर अंधारून आलं तेव्हा ओतेल्लोने विचारलं, "दुधाची गाडी कशी आहे?"

"जड आहे," लेआर्को म्हणाला. "पण चांगली आहे."

ओतेल्लोने मान हलवली आणि ग्लास पुढे केला, अजून घालायला.